सामातर नावाचा कोणी नाही

उबाहचा फोन आला तेव्हा सामातर एका जुन्या कचेरीच्या लिफ्टच्या डोक्यावर उकिडवा बसून तारांचा ताण तपासत होता. एका हातात पाना, दुसऱ्या हातात ग्रीसचा डबा. फोन त्याने कान आणि खांदा यांच्यामध्ये दाबून धरला.

"सामातर, एक विचारते, रागावू नकोस," उबाह म्हणाली. "तू खरंच मिनियापोलिसमध्ये राहतोस ना?"

सामातर या शहरात शाळकरी वयात आला होता आणि तेव्हापासून इथलाच बर्फ उपसत होता. त्याने तसे सांगितले.

"मग तुला कोणी ओळखत कसं नाही?"

हळूहळू सगळा उलगडा झाला. उबाह कोलंबसला औषधांच्या दुकानात काम करायची. दोघांची ओळख एका लग्नात झाली होती आणि आता गाडी त्यांच्या स्वतःच्या लग्नापर्यंत आली होती. उरली होती फक्त तिच्या वडिलांची संमती. गुलेद एल्मी हे गणिताचे निवृत्त मास्तर. पुराव्याशिवाय त्यांनी आयुष्यात कशालाही बरोबरची खूण केली नव्हती. ते कोणाला न सांगता बसने थेट मिनियापोलिसला आले होते, मशिदीशेजारच्या, सगळ्यांच्या आत्या असलेल्या एद्दो दहाबोच्या कॅफेत जाऊन बसले होते आणि सामातर केनादीद जामा या मुलाची चौकशी करत होते. आम्हा सोमाली लोकांत मुलाची चौकशी अशीच होते. कागदपत्रे कोणी बघत नाही, चहा पिणारी माणसे काय म्हणतात ते बघतात.

"सगळे म्हणाले, नावसुद्धा ऐकलेलं नाही," उबाह सांगत होती. "एकाने तर वल्लाही म्हणून शपथ घेतली की असा माणूस या शहरात नाही, आणि असल्या भामट्यांपासून मुलीला जपा. आबो आज संध्याकाळच्या बसने परत निघतायत. सामातर, आबो एकदा नाही म्हणाले की मी काही करू शकत नाही. तुला माहितीय."

"तो शपथ घेणारा दिसायला कसा होता?"

"बुटका, असं आबो म्हणाले. आणि न थांबता बोलणारा."

सामातरने डोळे मिटले. धेरे.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. सोमाली माणसाला आईबाप एक नाव ठेवतात आणि बाकीचे जग दुसरे ठेवते. टिकते ते दुसरे. धेरे म्हणजे उंच. धेरेचे वडील उंच होते. मुलाकडे नाव आले, उंची वाटेत कुठेतरी राहिली. सामातर या शहरात आला त्या पहिल्याच दिवशी एद्दो दहाबोच्या कॅफेत बास्तो, म्हणजे आमचा पास्ता, ताटामागून ताट खाऊन बसला होता. तेव्हापासून तो बास्तो. मशिदीत बास्तो, फुटबॉलच्या मैदानात बास्तो, स्वतःच्या आईच्या तोंडीही बास्तो. लिफ्ट कंपनीतले लोक त्याला सॅम म्हणत. सामातर हे नाव वापरणारी पृथ्वीवर एकटी उबाह होती, कारण तिच्याशी पहिल्यांदा बोलताना 'मी बास्तो' असे म्हणायची त्याला लाज वाटली होती.

त्याने धेरेला फोन लावला.

"बास्तो, कुठे आहेस तू? मजा हुकली तुझी," धेरे म्हणाला. "एक म्हातारा आला होता. त्याच्या मुलीला कोणीतरी फसवतोय बघ. मी चांगला सावध केला त्याला."

"तो माझा होणारा सासरा आहे."

"तुझा कसा असेल? त्याचा जावई कोणी सामातर आहे."

"सामातर मी आहे."

पलीकडे चहाचे पेले वाजल्याचा आवाज आला. "कधीपासून?" धेरेने विचारले.

यावर सामातर जे बोलला ते लिफ्टच्या बोगद्यात वरून खालपर्यंत घुमले आणि तळमजल्यावर वाट बघत असलेल्या बाईंनी जिन्याने जायचे ठरवले. इतक्या वर्षांचा मित्र, एकाच ताटात जेवलेला, आणि त्याला नाव माहीत नाही. धेरेचे म्हणणे असे की सामातरनेच त्याला ते कधी सांगितले नव्हते. शिवाय धेरेचे खरे नाव तरी सामातरला कुठे माहीत होते?  तो मुद्दा सामातरने तिथेच सोडला.

"आता जा आणि त्यांना सांग की तू मला ओळखतोस," तो म्हणाला. "एवढंच सांग. बाकी काही बोलू नकोस."

कोणतेही उपकरण वापरण्याआधी तपासून घ्यावे, हा साधा नियम. सामातरने धेरेला न तपासता वापरले.

धेरे कॅफेच्या कोपऱ्यातल्या टेबलाशी गेला आणि गुलेद मास्तरांना आदेर, म्हणजे काका, अशी हाक मारून म्हणाला की आता आठवलं, त्या सामातरला मी ओळखतो, फार चांगला मुलगा आहे. मास्तरांनी चहाचा पेला खाली ठेवला. मघाशी शपथ घेऊन नाही म्हणणारा माणूस एक फोन येताच हो म्हणतो, याचा अर्थ त्यांच्या गणितात एकच निघत होता. तरी त्यांनी न्याय म्हणून एक संधी दिली. म्हणाले, मित्र आहे ना, मग त्याच्या पणजोबांचे आणि त्यांच्या वडिलांचे नाव सांग. आमच्याकडे पोरांनाही पूर्वजांची नावे दहा दहा पिढ्यांपर्यंत पाठ असतात. धेरेला मित्राची पहिलीच पिढी अर्ध्या तासापूर्वी कळली होती.

"थांबा आदेर, त्यालाच विचारतो," असे म्हणून त्याने सगळ्यांसमोर फोन लावला. पडद्यावर नाव उमटले ते बास्तो. त्याखाली सामातरचा फोटो, तोंडात शेवया लोंबकळणारा.

मास्तरांनी चष्मा वर करून तो फोटो नीट पाहिला. मग ते शांतपणे म्हणाले की एकमेकांना टोपणनावांनी हिणवू नका, अशी अल्लाहची आज्ञा आहे. आपल्या घरात ती पाळली जाते, त्यांच्या मुलांना कोणी खऱ्या नावाशिवाय हाक मारलेली नाही, आणि ज्या मुलाचे नाव त्याच्या मित्रांना ठाऊक नाही त्याला त्यांची मुलगी मिळणार नाही. एवढे बोलून ते असरच्या नमाजासाठी उठले. जाता जाता त्यांनी चहाचे पैसे द्यायला हात खिशात घातला, पण एद्दो दहाबोने घेतले नाहीत. पाहुण्याला इतका मनस्ताप दिल्यावर पैसे कसले घ्यायचे, असे ती धेरेकडे बघत म्हणाली.

"सांगितलं," धेरेने सामातरला कळवले. "थोडं वेगळं झालं. तू आलास तर बरं."

सामातर पोहोचला तेव्हा नमाजाच्या रांगा लागल्या होत्या. बर्फाने ओले झालेले बूट त्याने कसेबसे काढले, हातपाय धुऊन वजू केली आणि मागच्या रांगेत उभा राहिला. त्याच्या पँटवर ग्रीस होते. सजद्यात कपाळ टेकवून त्याने मनापासून दुआ मागितली की आज धेरेचा आवाज बसू दे.

नमाज संपताच मास्तर इमामांजवळ गेले. इमाम सरळ माणूस होते. लग्नाच्या चौकशीत कोणी विचारले तर खरे तेच सांगायचे, भीड ठेवायची नाही, हे ते दर शुक्रवारी लोकांना सांगत. त्यांनी खूप आठवून पाहिले आणि खरे तेच सांगितले: या नावाचा कोणी आपल्याला माहीत नाही.

"इमामसाहेब," सामातर मागून म्हणाला, "मी सामातर. केनादीद जामाचा मुलगा."

इमाम वळले. "बास्तो? तुझं नाव सामातर आहे?"

भोवती माणसे जमली. कोणी म्हणाले, नाव छान आहे रे. कोणी म्हणाले, पण याला शोभत नाही, सामातर म्हटलं की कसा भरदार माणूस डोळ्यांसमोर येतो. बुटांच्या कपाटाशी टेकलेल्या एकाने विचारले की मग बास्तो कोण होता. धेरे ओरडून म्हणाला की हाच तो, मी मघापासून तेच सांगतोय. दुआ कबूल झाली नव्हती.

सामातरने खिशातून गाडीचा परवाना काढून मास्तरांपुढे धरला. मास्तरांनी तो हातातही घेतला नाही.

"प्लास्टिकचा तुकडा साक्ष देतो का?" ते म्हणाले. "मी माणसांची साक्ष मागतोय. इथे शंभर माणसं आहेत. तुझं नाव घेऊन 'हा आमचा' म्हणणारा एक दाखव."

सामातरने सगळ्यांकडे पाहिले. सगळे त्याच्याकडे मोठ्या प्रेमाने पाहत होते, आणि त्यांच्यातल्या कोणालाही खोटे बोलता येत नव्हते. इमामांनी मध्यस्थी म्हणून सुचवून पाहिले की आज्ञा हिणवणाऱ्या नावांबद्दल आहे, पास्ता तर खाण्याचा पदार्थ. मास्तरांनी त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिले ती बहुधा चुकलेल्या भागाकारासाठी राखून ठेवलेली असावी.

ते बूट घालायला बाकावर बसले. थकलेले दिसत होते. एक बूट घातल्यावर ते थांबले.

"जायच्या आधी एक काम होतं," ते खालच्या आवाजात म्हणाले. "आमच्या कॉलेजातला एक मित्र या शहरात आहे असं ऐकून होतो. चार वर्षं एका खोलीत राहिलो आम्ही. लढाई सुरू झाली, सगळे पांगले. मग काही पत्ता लागला नाही. कोणाला माहीत असेल तर..."

नाव काय, असे इमामांनी विचारले. मास्तरांनी दुसऱ्या बुटाची नाडी बांधायला घेतली. ती बराच वेळ बांधली जात होती. 

"हबहब," ते बुटाला म्हणाले.

"हबहब!" सगळी मशीद एका सुरात म्हणाली. हबहब म्हणजे कलिंगड. त्या म्हाताऱ्याला ओळखत नाही असा माणूस तिथे नव्हता.

"त्यांचं खरं नाव काय, आदेर?" धेरेने विचारले. त्याच्या मनात काही वाईट नव्हते, त्याला खरेच जाणून घ्यायचे होते. मास्तरांनी बांधलेली नाडी सोडून पुन्हा बांधायला घेतली.

सामातरने गाडीची किल्ली काढली. "मी सोडतो तुम्हाला. मला घर माहितीय."

मास्तर पुढे बसले. धेरे मागे बसला होता आणि सामातरने आरशातून त्याच्यावर डोळे रोखून धरले होते. हबहब एका उंच इमारतीत वरच्या मजल्यावर राहत होते. सामातरने दार वाजवले.

"बास्तो, ही काय यायची वेळ?" आतून आवाज आला. "मशिदीत न्यायला येतो म्हणून सांगतोस आणि नमाज झाल्यावर उगवतोस."

दार उघडले. काठीवर रेललेला, कधी काळी कलिंगडासारखा असेल असा आता वाळलेला म्हातारा. त्याने सामातरच्या खांद्यावरून पलीकडे पाहिले. काठी दाराच्या चौकटीवर आपटली.

"ओर्गी?"

ओर्गी म्हणजे बोकड. धेरेने तोंडावर हात दाबला. मास्तरांनी आपल्या हनुवटीवरच्या बारीक पांढऱ्या दाढीला नकळत हात लावला आणि मग दोघे म्हातारे एकमेकांच्या गळ्यात पडून बराच वेळ तसेच उभे राहिले.

"किती शोधलं तुला," हबहब नाक पुसत म्हणाले. "तू कोलंबसला आहेस असं कानावर आलं होतं. तिकडचा कोणी भेटला की विचारायचो, ओर्गी आहे का तिथे. सगळे म्हणायचे, असा कोणी नाही. मला वाटलं, गेला असशील. अरे, तुझं खरं नाव तरी काय?"

"गुलेद," मास्तर म्हणाले. त्यांच्या घरात टोपणनाव उच्चारायची कोणाला परवानगी नव्हती, हे त्यांनी सांगितले नाही. "आणि तुझं?"

चहा झाला, पुन्हा चहा झाला. बसची वेळ टळून गेली. शेवटी मास्तरांनी सामातरकडे न बघता विचारले की हा मुलगा कसा आहे. शपथ नको, पण खरे सांग.

"खरं सांगू? उशिरा येतो. पहाटेच्या फज्रच्या नमाजाला याचे डोळे उघडत नाहीत, मलाच फोन करून उठवावं लागतं. चहात साखर इतकी घालतो की चमचा उभा राहावा." सामातरने मान खाली घातली. "गेल्या रमजानमध्ये इथली लिफ्ट बंद पडली. ती दुरुस्त करणं यांच्याच कंपनीचं काम, आणि सुटा भाग यायला महिना लागला. तो महिनाभर हा मला रोज पाठीवर घेऊन खाली उतरवायचा, रात्रीच्या तरावीहच्या नमाजाला न्यायचा आणि पुन्हा वर चढवायचा. रोज लिफ्टला शिव्या द्यायचा. मी म्हणायचो, रोजा आहे रे, शिव्या देऊ नकोस. तर म्हणायचा, इफ्तार झालंय."

मास्तरांनी पेला उचलला, तो रिकामा होता, तरी त्यातून एक घोट घेतला.

निकाह वसंतात कोलंबसला झाला. साक्षीदार म्हणून हबहब बसले आणि धेरेही बसला. धेरेला फक्त मान हलवायची सक्त ताकीद होती. पडद्यापलीकडे बायका होत्या, सगळे शांत झाले होते. तिथल्या इमामांनी मास्तरांचा हात सामातरच्या हातात दिला आणि ते म्हणाले, बोला, मुलगी कोणाला देताय.

मास्तर ताठ बसले. गेले काही आठवडे ते रोज हबहबशी फोनवर बोलत होते आणि हबहब रोज एकाच मुलाबद्दल बोलत होते.

"माझी मुलगी उबाह गुलेद एल्मी," ते स्पष्ट आवाजात म्हणाले, "मी बास्तोला देतो."

इमामांनी घसा खाकरला. "पूर्ण नाव, आदेर."

मास्तरांचे ओठ हलले. आवाज आला नाही. त्यांनी हबहबकडे पाहिले, हबहबने धेरेकडे, आणि धेरेने ताकीद आठवून नुसती मान हलवली. नवरा मुलगा तोंड उघडणार, इतक्यात पडद्यामागून आवाज आला. वर्गात हजेरी घ्यावी तसा, वैतागलेला आणि स्वच्छ.

"सामातर केनादीद जामा."

उबाहने हे नाव घेतले ते तेव्हा शेवटचे. संध्याकाळी जेवणाची ताटे आली तेव्हा ती पलीकडून म्हणाली, "बास्तो, तो केळ्यांचा वाडगा इकडे दे."