धर्मपालच्या ढोलावर लोटाभर पाणी

"अमरावतीत वरात निघो नाहीतर कव्वाली बसो, ताल धराले देवमनच पाह्यजे!" हे देवमन रोज सकाळी बायकोला, ललिताला, ऐकवायचा, आणि ती भाकरी थापता थापता "हो ना!" म्हणायची. पण चौसष्ट साली देवमन ज्यात ढोल वाजवायचा, त्या बँड पार्टीचा रामराव मास्तरांनी ऑर्केस्ट्रा केला आणि अकोल्याहून धर्मपालला बोलावलं.

धर्मपाल म्हणजे कुठल्याही भाजीत चालणारा बटाटा! रॉक-अँड-रोल म्हणा, जाझ म्हणा, भीमजयंतीची गाणी म्हणा. ज्या पार्टीचा वाजवणारा आजारी, तिथं हा हजर. मुंबईला सिनेमाच्या रेकॉर्डिंगातही वाजवून आला होता. "पडद्यावर नाव येत नाही, नुसता आवाज येते," असं हसत सांगायचा. देवमनला ते हसूच जास्त झोंबायचं.

शेंदूरजनाघाटच्या एका संत्रा बागायतदाराकडे साखरपुडा होता. संध्याकाळी कार्यक्रम. रामराव म्हणाले, "पह्यले देवमन वाजवील, मंग धर्मपाल. शेटले जो आवडला, तो पार्टीत कायमचा!"

 थंडी मरणाची. थंडीनं चामडं ढिलं पडतं, म्हणून देवमन शेकोटीपाशी आपला ढोल बाळंतिणीच्या बाळासारखा शेकत बसला. धर्मपाल मात्र खुशाल जिलेब्या हाणत होता.

"काहून रे, ढोल शेकत नाही?"

"गरज नाही, देवमनभाऊ."

एवढी घमेंड! देवमनच्या डोक्यात शेकोटीपेक्षा मोठा जाळ झाला.

त्याचं वाजवणं झालं. टाळ्या पडल्या, पण पोटभर जेवलेल्या माणसाच्या, सुस्त. पडदा ओढला गेला. अंधारात कोणी नाही हे पाहून देवमननं धर्मपालच्या उभ्या मांडून ठेवलेल्या ढोलावर लोटाभर पाणी ओतलं. वाजव म्हणा आता! ओल्या पापडागत आवाज निघते का नाही पाह्य!

पडदा उघडला. बोटांचा पाक चाटत धर्मपाल धावत आला, बसला आणि काडी हाणली.

ढाड्!

आवाज खणखणीत! आणि पाणी हातभर उंच उडालं, लाल-हिरव्या दिव्यांत चमकलं. दुसऱ्या ठोक्याला ते थेट शेटच्या फेट्यावर! शेट ताडकन उठले. गेलाच आता धर्मपाल, म्हणून देवमननं मनोमन हात जोडले.

शेटनं तोंड पुसलं आणि ओरडले, "अबे, हे तं मुंबईचं कारंजं! पुन्हा होऊ दे!"

मंडप डोक्यावर घेतला लोकांनी. पाणी संपलं तशी ओरड झाली. रामराव पडद्यामागं धावत आले. "देवमन, पाहून काय राहिला? पाणी आण!"

देवमननं सहा वेळा पाणी आणलं.

कार्यक्रम संपल्यावर धर्मपाल ढोल पुसत म्हणाला, "भाऊ, हे चामडं नाही, पिलास्टिक हाये. भिजत नाही."

देवमन आपल्या चपलांकडे पाहत राहिला. "तुले समजलं का रे, कोणं ओतलं ते?"

"समजलं. मीबी मुंबईत एकाच्या काड्या लपवल्या होत्या." धर्मपाल हसला. ह्या वेळी ते हसू तेवढं झोंबलं नाही. थोडंच झोंबलं.

तेवढ्यात रामराव आले. "दोघंबी कायम! रविवारी अकोल्याले कार्यक्रम."

देवमन छाती फुगवून घरी आला. "ललिता, मी ऑर्केस्ट्रात कायमचा!"

"अवो माय! कोणतं वाद्य हाये तुमच्याकडं?"

देवमन खाकरला. टोपी खुंटीला अडकवली. पुन्हा काढली, पुन्हा अडकवली.

"तू आपली मोठी घागर घासून ठेव."