सासूबाईंची पातेली आणि माझा लोहचुंबक

रिकामा वेळ मिळाला तर माणसानं सरळ झोपावं. मी त्या रविवारी वाचत बसलो आणि तिथंच घात झाला. बंदुकीच्या नळ्या लवकर झिजू नयेत म्हणून कुणी एक धातुतज्ज्ञ पोलादात नाना गोष्टी मिसळून बघत होता, आणि त्यातून न गंजणारं पोलाद, म्हणजे आपलं स्टेनलेस स्टील सापडलं, असा तो लेख होता. इथवर सगळं ठीक होतं. पण खाली एका वाचकानं ठोकून दिलं होतं, 'अस्सल स्टीलला लोहचुंबक चिकटत नाही.'

झालं! मी फ्रिजच्या दारावरचा लोहचुंबक ओढून काढला (त्याखालची प्लंबरच्या नंबराची चिठ्ठी उडाली, ती अजून सापडलेली नाही) आणि मोहीम उघडली. डबे, वाट्या, मी स्वतः पारखून आणलेला पातेल्यांचा सेट, सगळ्यांवरून तो घसरला. सासूबाईंनी लग्नात दिलेल्या पाच पातेल्यांना मात्र चटाचट चिकटला.

"अगं, तुझ्या आईला दुकानदारानं चक्क फसवलंय! हे स्टेनलेस नाहीच!"

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. "आठ वर्षांत गंजली नाहीत ती?"

"गंजतील, गंजतील. आपण परत देऊन टाकू. आई बघतील त्या दुकानदाराकडे."

"मग तूच नेऊन दे," ती म्हणाली आणि हातातल्या उशीच्या अभ्र्याकडे बघून हसली. (ते हसू मी ओळखायला हवं होतं. पण आठ वर्षांत मी तिचं एकही हसू वेळेवर ओळखलेलं नाही.)

खराब भांडी परत केली असं नको व्हायला, म्हणून मी ती पाचही पातेली घासून लखलखीत केली, पुसली, कागदात गुंडाळली आणि सासूबाईंच्या पुढ्यात मांडून त्यांना पंधरा मिनिटं धातुशास्त्र समजावून सांगितलं.

"बरं, ठेवा," एवढंच म्हणाल्या. मला जरा वाईट वाटलं, नाही असं नाही. पण विज्ञानापुढे मी नातीगोती बघत नाही.

चार दिवसांनी आमची आधीच मागवून ठेवलेली नवी इंडक्शन शेगडी आली. 'जुनी द्या, नवी घ्या' अशी योजना असल्यामुळे गॅसची शेगडी त्याच टेम्पोतून गेली. मी ऐटीत चहाचं पातेलं ठेवलं, बटण दाबलं. शेगडी 'टुंई' करून बंद पडली. दुसरं ठेवलं. टुंई. माझा सबंध सेट ठेवून झाला, आमच्या स्वयंपाकघरात नुसतं टुंई टुंई. मी तणतणत दुकानात फोन लावला.

"भांड्याला लोहचुंबक चिकटतो का, साहेब?" दुकानदार म्हणाला.

"छे! मी खोटं स्टील घरात ठेवत नाही."

"मग नाही तापणार. चिकटतो तेही स्टेनलेसच असतं हो. मिश्रण वेगळं, एवढंच."

मी फोन ठेवला. संध्याकाळपर्यंत आम्ही ब्रेड आणि केळी खाल्ली. दुसऱ्या दिवशीही ब्रेड आणि केळी. तिसऱ्या दिवशी सकाळी बायकोनं माझ्या हातात रिकामी पिशवी दिली. बिनचहाच्या डोक्यानं मी सासूबाईंच्या दारात उभा राहिलो. आयुष्यभर आता या घरात मला 'चुंबकवाले जावई' म्हणणार, हे दिसतच होतं.

"आई, ती पातेली... म्हणजे माझं जरा चुकलंच."

"ठाऊक आहे," सासूबाई म्हणाल्या. "शेगडी आली की न्यायला येतील, असं लेकीनं तेव्हाच फोनवर सांगितलं होतं."

"अहो, मग मला कुणी अडवलं का नाही?"

"आठ वर्षांत पहिल्यांदा तुम्ही आपणहून भांडी घासायला घेतली होतीत. कोण अडवेल? घ्या ना, आत आहेत. वापरली मी. तेवढी घासून न्या."

स्वयंपाकघरात गेलो, तर सिंकपाशी सासरेबुवा बाह्या वर सरसावून उभे. बाजूला पाच पातेली, कढया, झारे, घरातलं एकूण एक भांडं. त्यांनी जरा सरकून मला जागा करून दिली आणि दुसरी घासणी माझ्या हातात ठेवली.

"तुम्ही चुंबक लावलात," ते हळूच म्हणाले, "मी माझ्या सासूबाईंची वाजवून बघितली होती. एकतीस वर्षं झाली."