साळिंदराची शीट आणि प्रमुख पाहुणे

मला गोष्टी सांगायची हौस नाही. तुमच्या आया तुम्हाला माझ्या ओट्यावर सोडून गेल्या, म्हणून सांगतो. नाकं पुसा आणि गप बसा.

एका जंगलात धोंडबा नावाचं साळिंदर राहायचं. त्याच्या बिळाच्या तोंडावर कपारीतून बारा महिने पाणी ठिबकायचं. आत बायको, सगुणा. तिला दमा. ओलीमुळं तिचा खोकला हटत नव्हता.

जंगलाच्या कडेला माणसांनी टाकलेली एक अ‍ॅक्रिलिक शीट धोंडबाला सापडली. काचेसारखी आरपार. मधोमध वाकवली की बिळाला छप्पर होणार, पाणी बाजूला जाणार, उजेडही आत येणार.

पण ही शीट गार असताना वाकत नाही, मोडते. म्हणून धोंडबानं घरच्या घरी एका फळीवर तार ताणून बसवली. तार तापवायची, शीट तिच्यावर बोटभर उंच धरायची. रेघेवर मऊ पडली की लगेच वाकवायची. उशीर केला की परत कडक.

तार तापवायला बॅटरी हवी. ती वानराकडं. वानर म्हणजे जंगलसभेचं सेक्रेटरी.

"बॅटरी ने की," वानर म्हणालं. "पण जंगलात पहिल्यांदाच शीट वाकतीय, धोंडबा. गुपचूप कशी वाकवशील? गवेसाहेबांच्या हस्ते वाकवू."

"माझ्या छपराला कसले पाहुणे?"

"मग बॅटरीपण नाही."

आतून सगुणा म्हणाली, "अहो, हो म्हणा त्याला. एकदाचं होऊ दे."

कार्यक्रम दहाचा. गवा साडेअकराला आला. तोवर शीट एकदा मऊ होऊन परत कडक झाली होती. धोंडबानं ती पुन्हा तापवली. बॅटरी आता शेवटच्या घटका मोजत होती.

"साहेब, मऊ पडली. वाकवा."

"आधी दोन शब्द बोलतो," गवा म्हणाला.

"साहेब, दोनच बोला."

गवा कारागिरीच्या महत्त्वावर बोलला. मग स्वतःच्या वडलांवर बोलला. मग शेजारच्या जंगलाला शिव्या दिल्या. तेवढ्यात तार विझली.

"साहेब, थांबा. गार झालीय ती."

"मला शिकवतोस?" गव्यानं शीटवर खूर ठेवला आणि जोर दिला.

कडाक्. दोन तुकडे.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वानरानं गव्याला शाल पांघरली. "एकीच्या दोन झाल्या," ते म्हणालं. "प्रगती म्हणतात ती हीच."

"आणि माझं छप्पर?"

"तुझा मालच कच्चा निघाला. तसं लिहून घेतलंय मी."

आत सगुणाला खोकल्याची उबळ आली.

"बायकोला सांग," वानर म्हणालं, "कार्यक्रम होईस्तोवर जरा दम धर."

धोंडबानं दोन्ही तुकडे उचलले आणि बिळाच्या तोंडावर एकमेकांना टेकवले. मधे फट राहिली. पाणी तिथूनच आत यायला लागलं. आधी उंबऱ्यावर पडायचं, आता थेट सगुणाच्या अंथरुणावर.

तात्पर्य: काम जाणत्याच्या हाती द्यावं, असं पुस्तकात असतं. असू दे तिथंच. तुम्ही मोडायचं शिका. नुसतं मोडलं तर मार बसतो, शाल घेऊन मोडलं तर टाळ्या पडतात.

आणि माझी माफी मागायचा एकजण अजून राहिलाय. या ओट्याचं छप्पर असंच शाल पांघरून मोडणारा, वरच्या आळीचा तुळशीराम खैरमोडे.