व्हर्लिनचा कोबा

"पुढच्या पायऱ्यांचा कठडा हलतोय रे," मार्लिस म्हणाली. "धरायला काहीतरी भक्कम हवं. माझे गुडघे आता माझं ऐकत नाहीत."

"करतो की," व्हर्लिन म्हणाला. जन्मभर कागदाच्या गिरणीत वेल्डिंग केलेला माणूस तो. कठडा म्हणजे त्याच्या डाव्या हातचा मळ. "फक्त आधी गॅरेजची जमीन तेवढी करून घेतो."

इथेच घात झाला.

तसं त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. रस्त्यावरचा बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ हिवाळाभर मोटारीला चिकटून आत यायचं, आणि त्या ठिबकणाऱ्या खाऱ्या पाण्याने गॅरेजचा कोबा खाल्ला होता. झाडावी तेवढी धूळ निघायची, आणि हातून सुटलेला स्क्रू जो जायचा तो जायचाच. निवृत्तीनंतर जिथे दिवस काढायचे, ती जागा धड नको का? हवीच. पण धड म्हणजे कशी, हे ठरवण्यात मिनेसोटाचा तेवढासा उन्हाळा संपत आला.

त्याने कोब्यावर निरनिराळ्या लेपांचे चौकोन रंगवले, एका कडेला रबरी फरश्या मांडल्या. मग प्रत्येकावर लालबुंद तापलेला बोल्ट टाकायचा, हातोडा आपटायचा, तेल ओतायचं, आणि बायकोला हाक मारायची.

"हे बघ आणि सांग, त्यातल्या त्यात कुठला बरा?"

"सगळेच जळके दिसतायत. कठड्याचं काय झालं?"

"अगं, हा रंग सोलतो. रबर वितळतं. नुसता कोबा ठेवला तर धूळ. असल्या गोष्टीत घाई करून चालत नाही."

"घाई!" मार्लिस म्हणाली आणि आत निघून गेली.

शेजारचा ड्वेन लुंडीन रोज येऊन खिशात हात घालून उभा राहायचा. आमच्याकडे दुसऱ्याच्या गॅरेजात असंच उभं राहतात. "मला विचारशील तर नुसता कोबाच बरा," तो म्हणाला. "तुला तिथे वेल्डिंग करायचंय की नाचायचंय?"

"तुझ्या गॅरेजात माशांचे गळ सोडून आहे काय? तू नको शिकवूस."

ऑगस्टात व्हर्लिनने जुना कठडा कापून आत आणला, नव्याच्या मापासाठी.

"म्हणजे आता हलणारासुद्धा नाही," मार्लिस म्हणाली.

"चार दिवसांचा तर प्रश्न आहे!"

शेवटी एकदाचं ठरलं. राखाडी इपॉक्सीचा लेप, वर आणखी एक टणक थर. लेथ, ड्रिल, वेल्डिंगचं यंत्र, सगळा संसार अंगणात ताडपत्रीखाली गेला. कोबा घासला, धुतला, वाळवला. लेप बसला, आणि खरं सांगायचं तर असा बसला की वरचा दिवा खाली दिसत होता. व्हर्लिन बूट काढून मोज्यांवर उभा राहिला. त्याचे डोळे भरून आले. लग्नात आले नव्हते, असं मार्लिस म्हणते.

आता वेल्डिंगचं यंत्र आत आणायचं, तर त्याची लोखंडी चाकं! ओरखडे नाही का पडणार? मऊ चाकं मागवली. चाकं काही येईनात. आला तो बर्फ.

त्या सकाळी चर्चमध्ये म्हाताऱ्या मिसेस ऑस्बींचा अंत्यविधी होता. मागाहून जेवण. मार्लिस दोन्ही हातांत हॉटडिशचं, म्हणजे अशा जेवणाला न्यायच्या भाजलेल्या बटाट्यांचं, भांडं घेऊन पुढच्या दाराने निघाली. पहिल्याच पायरीवर बर्फाचा पापुद्रा होता. धरायला काही नव्हतं, आणि असतं तरी हात कुठे मोकळे होते, असं व्हर्लिन पुढे एकदाच म्हणाला. पुन्हा म्हणाला नाही.

तो धावत आला तेव्हा ती आडवी पडली होती. चेहरा पांढराफटक, भांडं छातीशी.

"सांडलं का?" तिने विचारलं.

"नाही."

"मग आधी ते पोचवून ये. लोक खोळंबले असतील."

खुबा मोडला होता. मिसेस ऑस्बींच्या पाठोपाठ हिचंच जेवण घालायची पाळी येते की काय, असं दोन दिवस वाटत होतं. व्हर्लिन इस्पितळाच्या खुर्चीत बसून होता. त्याला झोप येत नव्हती, आणि डोळे मिटले की तो कापलेला कठडा दिसायचा.

"माझ्यामुळे झालं," तो एकदा म्हणाला.

"मग काय लुंडीनमुळे?" मार्लिस म्हणाली. पण तिने त्याचा हात सोडला नाही.

ती जगली, पण चाकांच्या खुर्चीत. घर बघायला इस्पितळाची बाई आली. पुढे पायऱ्या, गॅरेजातून स्वयंपाकघरात जाणाऱ्या दाराला पायऱ्या. तिने मान हलवली. मग तिने गॅरेज पाहिलं.

"अहो, ही जागा इतकी चांगली असताना काळजी कसली! ऊब आहे, दार रुंद आहे, आणि जमीन काय सुरेख! धूळ नाही, खड्डा नाही. एका बोटाने खुर्ची जाईल."

पलंग गॅरेजात आला. पडदे आले. मार्लिस त्या राखाडी लेपावरून गरगर फिरू लागली.

"छान झालीय हं जमीन," ती म्हणाली. "आता इथे एक ठिणगी पाडलीस तर बघ."

स्वयंपाकघरात जायला रॅम्प हवा होता. तो व्हर्लिनने बाहेर, ताडपत्रीच्या आडोशाला, बर्फात गुडघे टेकून जोडला. हातमोजे लोखंडाला चिकटायचे. लुंडीन नुसता उभा राहत नव्हता, पहिल्यांदाच खिशातून हात काढून नळ्या धरत होता. दोघांनी रॅम्प आत आणून स्वयंपाकघराच्या दाराशी बसवला. दोन्ही बाजूंना भक्कम कठडे. आणि वरपासून खालपर्यंत ओला, तांबूस गंज.

"थांब!" व्हर्लिन म्हणाला. "अजून चढायचं नाही. यावर लेप कुठला द्यायचा ते ठरायचंय. मी नमुने मागवलेत."

मार्लिसने नवऱ्याकडे पाहिलं. मग लुंडीनकडे पाहिलं. मग कठडा धरून खुर्चीसकट स्वतःला वर ओढत सरळ स्वयंपाकघरात गेली. आत बराच वेळ भांडी वाजली. कपाटं उघडली, मिटली. कुठली बशी चुकीच्या जागी आहे, ते ओरडून सांगितलं. शेवटी मांडीवर कॉफीचं भांडं घेऊन ती खाली आली.

चाकं गंजाने माखली होती. आरशासारख्या त्या जमिनीवर रॅम्पपासून पलंगापर्यंत दोन तपकिरी चाकोऱ्या उमटल्या.

व्हर्लिन फडका घेऊन गुडघ्यांवर बसला. मार्लिस कप भरत होती. किती दिवसांनी तिने स्वतःच्या हाताने कॉफी केली होती! तो तिच्याकडे बघत राहिला.

"पूस की," लुंडीन म्हणाला. "त्या लेपावरून काहीही निघतं, असं तूच सांगत होतास ना?"

"निघतं," व्हर्लिन म्हणाला, आणि फडका खिशात कोंबून कॉफी घ्यायला उठला.