आदर्श पत्नीचे सात नियम, घरे सातशे

आधीच सांगून टाकतो. मी बायकोला घाबरत नाही. अख्ख्या राजारामपुरीत कुणालाही विचारा. (फक्त सातव्या गल्लीत विचारू नका. का, ते येईलच पुढं.)

दोन हजार दोन सालची गोष्ट. माझा केबलचा धंदा. सातशे घरांत वायरी ओढलेल्या आणि त्या सगळ्यांचं मूळ माझ्या घराच्या पुढच्या खोलीत. तिला मी कंट्रोल रूम म्हणायचो. तिथून आमचा स्वतःचा एक चॅनेल चालायचा. दिवसाला तीन पिक्चर, आणि पिक्चरच्या खालून सरकणारी जाहिरातींची पट्टी. साड्यांचा सेल, दाताचा दवाखाना, हरवलेलं कुत्रं, असलं काय काय. मी दिवसभर लोकांच्या गच्चीवर. कंट्रोल रूममध्ये माझी बायको पवित्रा. सीड्या बदलणं, पट्टी टाईप करणं, फोनवर लोकांच्या शिव्या खाणं, हे सगळं ती करायची. मी मालक होतो.

तर त्या आठवड्यात पवित्राला एका क्लासमध्ये नोकरी चालून आली. मुलांना कॉम्प्युटरवर टायपिंग शिकवायचं, सकाळी दहा ते दोन. सोमवारी होय-नाही कळवायचं होतं.

"मी होय म्हणणार हाय," ती म्हणाली.

"आणि सीड्या कोण बदलणार?"

"तुम्ही."

"मी गच्चीवर असतोय की!"

"मग खाली या."

(बघा, हे असं बोलते.) मी ठाम नाही म्हणालो. कारण विचारलं तर धंद्याचं सांगितलं. खरं कारण वेगळं होतं, आणि ते तेव्हा मी स्वतःलासुद्धा सांगितलं नव्हतं. चार तास ती बाहेर जाणार, तिथं लोक तिला मॅडम म्हणणार, आणि मग घरी येऊन माझ्याकडं बघणार. मला त्या बघण्याचीच धास्ती वाटत होती.

शनिवारी दुपारी जेवता जेवता मी एक नवा पिक्चर लावला. नायक चित्रकार असतो. मनासारखी बायको मिळत नाही म्हणून तो एक बाई रंगवतो, आणि ती कॅनव्हासमधून चालत बाहेर येते! गोरी, हसरी, आणि कशालाही एकच उत्तर, "जशी तुमची इच्छा." बस म्हटलं की बसते. गा म्हटलं की गाते, तेसुद्धा बर्फात, बिनबाह्यांच्या ब्लाउजमध्ये. माझा घास हातातच राहिला. आठ वर्षांच्या संसारात हे वाक्य मी एकदाच ऐकलं होतं, आणि ते एका रिक्षावाल्यानं म्हटलं होतं.

पहिली सीडी संपली आणि कुणाची तरी वायर उंदरानं कुरतडल्याचा फोन आला. दुसरी सीडी बघायची राहिली. (म्हटलं, पुढं काय असणार? गाणीच असणार.)

पण डोक्यात प्रकाश पडला होता. संध्याकाळी पवित्राला समोर बसवलं. म्हटलं, उद्या चारला हाच पिक्चर लावायचा, सगळ्या बायकांना बघू दे. आणि आता मी सांगतो ते लिहून घे. आदर्श पत्नीचे सात नियम.

तिनं सगळं लिहून घेतलं. एक भुवई वर गेली होती, पण तिचा बंदोबस्त दुसऱ्या नियमात होताच.

"हे रोज डोळ्यांसमोर ठेवायचं," मी म्हणालो.

"ठेवते," ती म्हणाली.

जिंकलो! त्या संध्याकाळी मी स्वतःच्या हातानं चहासुद्धा केला नाही. (एरवीही करत नाही, पण त्या दिवशी मुद्दाम केला नाही.)

रविवारी साडेपाचला सातव्या गल्लीतनं चिमणाबाईंचा फोन. चिमणाबाई म्हणजे माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. आवाज असा, की बाईंना खरं तर फोनची गरजच नाही. टीव्हीत मुंग्या येत होत्या. मी गेलो आणि गच्चीवर चढलो.

"आलं का?" मी वरून ओरडलो.

"मुंग्याच हायत!"

मी पिन घट्ट केली. "आता?"

"बाई दिसाय लागली! पर खालची पट्टी दिसंना!"

पट्टी म्हणजे आमची जाहिरात. ती दिसलीच पाहिजे. मी जुनी पिन कापून काढली, वायर सोलली, नवी पिन बसवली. घामाघूम झालो.

"आता?"

"आलं! अक्षर न् अक्षर लख्ख!"

"वाचता येतंय नव्हं?"

"येतंय की! ‘आदर्श पत्नीचे सात नियम. नियम पहिला. नवऱ्याने हाक मारल्यास पहिल्याच हाकेला धावत यावे!’"

माझ्या हातातली पक्कड खाली कुंडीत पडली.

"चिमणाबाई, बास! कळलं!"

"थांबा वो, लई भारी हाय! ‘नियम दुसरा. नवरा बोलत असताना भुवई उचलू नये!’"

समोरच्या गॅलरीत दोन बायका आल्या. शेजारच्या खिडकीत तीन. चिमणाबाईंनी आवाज आणखी चढवला. तिसरा, चौथा... पाचव्या नियमाला (नवऱ्याने आमटी अळणी म्हटल्यास ‘मी चाखली होती’ असे म्हणू नये) सगळी गल्ली खिदळत होती. सहाव्याला मात्र कुणी हसलं नाही. सहावा होता, पत्नीने नोकरी करू नये.

"आन् सातवा ऐका गं! ‘नवरा घोरतो हे माहेरी सांगू नये!’"

"कोण घोरतंय?" समोरून कुणीतरी विचारलं.

"नाव येतंय, थांब... ‘हुकमावरून, मृत्युंजय, केबलवाले.’ अगं बया! अवो, ह्ये तुम्हीच की!"

"टीव्ही बंद करा!"

"आता कशापायी? आत्ता तर क्लिअर झालाय! आन् ह्यो पिक्चर बघा... त्या चित्रातल्या बाईनं बुरूश उचलला की! पुसलं! नवऱ्याचं तोंडच पुसून टाकलं बघा!"

गल्लीत टाळ्या पडल्या. वायर कापून टाकावी असं मनात आलं. पण एक वायर कापली की एक घर बंद होतं. उरलेल्या सहाशे नव्व्याण्णवांचं काय?

स्कूटर कशी चालवली देव जाणे. घरी पोचलो तर पवित्रा कंट्रोल रूममध्ये शांत बसलेली. फोन वाजत होता, ती तो उचलत नव्हती.

"हे काय केलंस तू?" मी ओरडलो.

"डोळ्यांसमोर ठेवा म्हणालासा. आठ वर्षं माझ्या डोळ्यांसमोर दुसरं काय हाय?" तिनं स्क्रीनकडं बोट केलं.

"माझी अब्रू गेली!"

"आणि मी हितं कुणाला दिसते?" आता तिचा आवाज चढला. "फोन उचलला की लोक म्हणतात, मालकांना द्या. पिक्चरमधल्या त्या बाईला नाव तरी ठेवलंय का त्यानं? मला नाव हाय. ते मला पगाराच्या कागदावर लिहिलेलं बघायचंय. मी उद्या क्लासला जाणार. विचारत न्हाय, सांगायला लागलेय."

मी कमरेवर हात ठेवून उभा राहिलो. म्हटलं, नियम म्हणजे नियम, शब्द मागं घेणार नाही. तिनं माझ्याकडं बघितलं. ज्याची धास्ती होती ना, तेच बघणं. नोकरी लागायच्या आधीच.

शब्द मी आजही मागं घेतलेला नाही. सोमवारी ती गेली, ही गोष्ट वेगळी.

मी तरीही वाकलो नाही. म्हटलं, तुझ्यावाचून काय अडतंय? माणूस ठेवतो! बुधवारी पिराजी आला. चाळिशीचा, एका बंद पडलेल्या थिएटरात मशीनवर वीस वर्षं काढलेला. पवित्रा पर्स घेऊन नुकतीच बाहेर पडली होती. मी त्याला काम समजावून सांगितलं. सकाळी सहाला बसायचं, शेवटचा पिक्चर संपला की उठायचं. सीड्या, पट्टी, फोन. कुणी शिव्या दिल्या तर उलट बोलायचं नाही. मला मध्ये चहा लागतो.

"सुट्टी?"

"सुट्टी कसली? चॅनेल रोज चालतो."

"आन् कुठं जायचं झालं तर?"

"मला विचारून."

"पगार?"

"घरचंच काम समजून करायचं. बघू, वरखर्चाला देत जाईन काहीतरी."

पिराजी उठला.

"मालक, ह्या कामाला माणूस न्हाय मिळायचा. तुम्ही लगीन करा की."

"लग्न झालंय माझं," मी ताठ मानेनं म्हणालो.

"मग वहिनी कुठं हायत?"

"नोकरीवर गेलीय."

पिराजीनं टोपी डोक्यावर बसवली आणि चपला पायात सरकवल्या.

"शाणी हाय," म्हणाला आणि गेला.