स्वी लानचं नाक

आमच्या घरी पहिल्यांदा चहाला आले तेव्हा प्रोफेसर हॅरल्ड यांनी भिंतीवरचा आमच्या लग्नाचा फोटो काढला, उलटा धरला, एक डोळा मिटून बराच वेळ पाहिला आणि उजवी बाजू जड झाली असल्याचं जाहीर केलं. उजव्या बाजूला माझी आत्या उभी आहे, त्यामुळे निदान चुकीचं नव्हतं. मग त्यांचा हात गणपतीच्या कॅलेंडरकडे वळला, तशी वैशाली, म्हणजे माझी बायको, पोह्यांची बशी घेऊन आडवी आली.

"चित्र सरळ धरलं की माणूस त्यात ओळखीचे लोक शोधतो," ते म्हणाले. "उलटं धरलं की चित्र दिसतं." अमेरिकेतल्या एका विद्यापीठात त्यांनी मुलांच्या पिढ्यान् पिढ्यांना हेच ऐकवलं होतं.

सिंगापुरात हौगांगच्या आमच्या ब्लॉकमध्ये ते शेजारच्या फ्लॅटमध्ये राहायचे. वय नव्वदीला टेकलेलं. तरुणपणी न्यूयॉर्कमध्ये भिंतीएवढ्या कॅनव्हासवर नुसते रंगांचे पट्टे काढत. काही पट्टे म्युझियममध्ये गेले, बाकीचे कुठे गेले ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. पुढे पट्ट्यांची फॅशन गेली आणि पोटापाण्यासाठी मास्तरकी आली. वर्गात कुणी हुबेहूब चेहरा काढला की त्याला ते कॅमेरा घ्यायचा सल्ला देत. तिथल्याच ग्रंथालयात सिंगापूरची स्वी लान नोकरीला होती. तिच्याशी लग्न झालं आणि निवृत्तीनंतर गृहस्थ बायकोच्या गावी आले.

स्वी लान आंटी म्हणजे खणखणीत बाई. कॉरिडॉरमधल्या चपलांवरून ती माझी रोज हजेरी घ्यायची. प्रोफेसरांना तर उठता-बसता. बाही रंगात बुडली, तिच्या सुपाच्या वाडग्यात पुन्हा ब्रश धुतले, एक ना दोन. ते सगळं शांतपणे कानाआड करत. गेल्या वर्षी लांबलेल्या आजारपणात ती गेली.

मग शिकागोची मुलगी त्यांना कायमचं न्यायला येणार असं ठरलं, आणि म्हातारबुवांनी जन्मात न केलेली गोष्ट आरंभली. बायकोचा चेहरा काढायचा, तोही फोटो न बघता, कारण फोटो तत्त्वात बसत नाही. आणि निघायच्या आत तो झालाच पाहिजे. तिकडे तिला ओळखणारी एकटी मुलगी, आणि ती बापाच्या चुका काढायची नाही, असं त्यांचं म्हणणं.

चुका काढायला आमचं खालचं कॉफीशॉप समर्थ होतं. रोज सकाळी ते कॅनव्हास घेऊन तिथे बसत. "नाक चुकलं लाह, अंकल," कॉफीवाली आंटी इथला ठरलेला 'लाह' जोडून म्हणाली. "एवढं सरळ कुठे होतं?" नाक बसकं झालं. चिकन राइसवाल्याने केस तोकडे करवले. वैशालीने तीळ डाव्या गालावर हलवला. मी चांगी बिझनेस पार्कला ऑफिसला जाता जाता कानाबद्दल मत देऊन टाकलं, कारण सगळेच देत होते. जन्मभर दुसऱ्यांची चित्रं धुऊन काढलेला हा माणूस मान खाली घालून दुरुस्त्या करत होता.

एकच सूचना त्यांनी ऐकली नाही. सगळे म्हणायचे, तिला जरा हसवा. त्यावर ते ब्रश पुसून घरी जायचे.

मुलगी आली त्या रविवारी त्यांनी आम्हाला बोलावलं. बॅगा भरून झाल्या होत्या, मुलगी आत फोनवर होती. चित्र पाहून वैशाली एक पाऊल मागे सरली. कपाळाला आठी, ओठ आवळलेले, आता तोंड सुटणार अशी स्वी लान आंटी समोर होती.

"तीच आहे," वैशाली म्हणाली. "पण अंकल, रागावलेली का काढलीत?"

प्रोफेसरांनी हात पुसले.

"शेवटी शेवटी ती माझ्यावर रागवेनाशी झाली," ते म्हणाले. "पाणी दिलं तरी थँक यू म्हणायची. परक्या माणसाला म्हणावं तसं."