चंद्राला कलप

टेबलाखाली गेलेली चप्पल स्वतः वाकून काढावी की बायकोला हाक मारावी, एवढाच प्रश्न होता. मी वाकायचं ठरवलं. पुढे जे झालं त्याला मीच जबाबदार आहे, हे आमच्या घरात एकमताने ठरलेलं आहे. (मी तटस्थ होतो.)

आधी टेबलाविषयी सांगतो. आमची कन्या कॉलेजात व्हिडिओ करायला शिकते. म्हणजे नेमकं काय शिकते, ते मला अजून ऑफिसात धड सांगता आलेलं नाही. 'कॅमेऱ्याचं काहीतरी' म्हणून वेळ मारून नेतो. यंदा प्रत्येकाला एका गाण्याचा व्हिडिओ करायचा होता. मैत्रिणीने गायलेलं हिच्या वाट्याचं गाणं चंद्राचं होतं, आणि हिचा हट्ट असा की आभाळ, ढग, चंद्र, सगळं घरातल्या वस्तूंतून उभं करायचं. हॉलची अख्खी भिंत तिने काढलेल्या चित्रांनी भरली होती. कुठल्या ओळीला पडद्यावर काय दिसणार, ते त्या चित्रांत क्रमाने होतं. जेवणाच्या टेबलावर माशांची जुनी काचेची पेटी पाण्याने भरून ठेवली होती. आम्ही बिनदुधाचा चहा पीत होतो, कारण दूध ढगांना लागत होतं.

मीही आधी हसलो होतो. मग तिने मला मोबाइलवर दाखवलं. पाण्यात सोडलेला दुधाचा थेंब तळाला टेकला की त्याचे ढग खालून वर फुगत येतात, एकमेकांत शिरतात, दिवा सरकवला की त्यांच्या कडा पेटतात. मी आवक-जावक विभागातला माणूस. आलेल्या पाकिटावर शिक्का मारायचा आणि गेलेल्या पाकिटावर दुसरा मारायचा, यापलीकडे निर्मितीशी माझा संबंध नाही. ज्या टेबलावर मी रोज जेवतो त्यावर एवढं मोठं आभाळ मावतं, हे बघून माझा आ वासलेला राहिला. ही पोर आमचीच ना, असं मी बायकोला विचारलंसुद्धा. ती म्हणाली, माझी तर आहे.

घोडं अडलं होतं चंद्रापाशी. ताटली झाली, चेंडू झाला, पातेल्याचं बूड झालं, अर्धं कलिंगड झालं. सरांनी सगळ्यांना नाकारलं. आभाळ खरं वाटतं आणि चंद्र खोटा, म्हणाले. सोमवारी खरा वाटणारा चंद्र दाखव, नाहीतर हे गाणं सोड. पोरीचं जेवणाकडे लक्ष राहिलं नव्हतं. भिंतीवरच्या चित्रांसमोर नुसती उभी राहायची.

अशात माझी चप्पल टेबलाखाली गेली. पेटीच्या मागे दिवा चालू होता, समोर कॅमेऱ्यापाशी कन्या होती, आणि मी पेटी आणि दिवा यांच्या मधोमध वाकलो.

"बाबा, हलू नकोस," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक झाला होता.

मी हललो नाही. कंबर बोलायला लागली तरी हललो नाही. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "रविवारी मला तू हवायस. असाच ये. कशातही बदल करू नकोस."

कशासाठी, असं मी विचारलं, तर तिने आईकडे बघितलं, आणि आईला एकदम स्वयंपाकघरात काम आठवलं. मी काय समजायचं ते समजलो. इतकी वर्षं कोणाच्या लक्षात न आलेला माझा चेहरा शेवटी कॅमेऱ्याने हेरला होता. दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी सहज बोलल्यासारखं सांगून टाकलं की एका चित्रीकरणात आहे, भूमिका तशी मुख्यच म्हणायची. कॉलेजच्या सभागृहात व्हिडिओ दाखवतील तेव्हा यायचं, असं साहेबांपासून शिपायापर्यंत सगळ्यांना आमंत्रण दिलं.

बदल करू नकोस, हे तिने प्रेमापोटी म्हटलं असणार. पण पडद्यावर जायचं तर आपलीही काही जबाबदारी असते. शनिवारी मी न्हाव्याकडे गेलो. डोक्यावर मधलं मैदान साफ असलं तरी कडेने पांढरी झालर आहे, तिला काळाभोर कलप लावून घेतला. कडा कोरताना मी त्याला माझ्या भूमिकेबद्दल सांगत होतो. तो ऐकण्यात इतका रंगला की वस्तरा घसरला आणि टकलावर एक छोटी खोक पडली. मी त्याला मोठ्या मनाने माफ केलं आणि आमंत्रणही दिलं.

रविवारी कोट-टाय घालून हॉलमध्ये आलो. कन्या माझ्याकडे बघतच राहिली आणि मग मटकन खुर्चीत बसली.

"बाबा, मला तुझा चेहरा नको होता रे," ती म्हणाली. "मला तुझं टक्कल हवं होतं."

तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही, असं म्हणताना तिचे डोळे भरले. मागून दिवा पडला की माझी पांढरी झालर चंद्राच्या खळ्यासारखी उजळत होती. आता तिथे काळा पट्टा होता, आणि उद्या सोमवार. चेहऱ्याचं दुःख करायला मला सवड मिळाली नाही. पोरीची इतक्या दिवसांची मेहनत मी एका कलपात बुडवली, याचीच फार लाज वाटली.

डोकं धुऊन काही उपयोग झाला नाही. शेवटी बायको पावडरचा डबा घेऊन आली आणि तिने तो माझ्या झालरीवर जवळजवळ रिकामा केला. मी पेटीमागे वाकलो. कन्येने दूध सोडलं, गाणं लावलं, दिवा सरकवला. चंद्र हळूहळू वर यायचा होता. मी हळूहळू वर आलो, आणि पावडर नाकात गेली.

शिंक मी दाबून धरली, पण माझी शिंक माझं ऐकत नाही.

तिघं मोबाइलवर डोकी जुळवून बघायला बसलो. वेग मंद केला होता. ढगांतून एक मोठा, थोर चंद्र वर आला, कडेला एक खड्डा असलेला. मग त्याचं खळं एकाएकी फुटलं आणि चांदण्याचा धुरळा साऱ्या आभाळभर पसरत, तरंगत, दूर विरत गेला. बायकोने माझा हात धरला होता, हे तिच्याही लक्षात नसावं. तो मी होतो, यावर माझा आजही पूर्ण विश्वास नाही.

कॉलेजच्या सभागृहात व्हिडिओ दाखवला, तेव्हा चंद्र उगवल्यापासून कोणी खोकलंसुद्धा नाही. दिवे लागल्यावर सरांनी कन्येला मंचावर बोलावलं. चंद्र त्यांनी सोमवारीच मान्य केला होता; आता त्यावरचा तो खड्डा इतका खरा कसा साधला, ते कोणाचं काम, असं विचारलं. कन्येने हसून माझ्याकडे बघितलं. साहेब, शिपाई, सगळा विभाग माझ्याकडे वळला. मी टाय नीट केला आणि सावकाश उठायला लागलो.

"ते माझं काम," मागच्या रांगेतून न्हावी उभा राहून म्हणाला. "वस्तरा जरा घसरला होता."

टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळं सभागृह मागे वळून न्हाव्याकडे बघत होतं. मी अर्धवट उठलेलाच होतो. बायकोने कोटाला धरून मला खाली ओढलं.

"बसा आता," ती म्हणाली. "चंद्र मावळला."